पालवणकर बाळू : खेळपट्टी आखणाऱ्या हातांची गोष्ट



ऑगस्ट महिना आला की शाळाशाळांतून २९ तारखेच्या राष्ट्रीय क्रीडा दिनाची तयारी सुरू होते. भाषणासाठी मुलं नावं शोधतात. मेजर ध्यानचंद, खाशाबा जाधव, सचिन तेंडुलकर ही नावं हमखास येतात आणि ती यायलाच हवीत. पण त्यांच्याच पंगतीत बसणारं एक मराठी नाव आपल्या मुलांना फारसं माहीत नसतं. ते नाव म्हणजे पालवणकर बाळू. भारतीय क्रिकेटचा पहिला मोठा गोलंदाज कोण, असं विचारलं तर जाणकार याच माणसाचं नाव घेतात. आजचा आपला पाठ त्यांच्यावर आहे. वर्गात सांगता यावा, घरी मुलांना वाचून दाखवता यावा, अशा बेतानं तो लिहिला आहे.

एक चषक बर्फावरचा, एक मालिका मातीवरची

सुरुवात जरा लांबून करूया. आपली पोरं मोबाईलवर जगभरातले खेळ पाहतात. त्यात कधीतरी बर्फावरची हॉकी दिसते आणि वाशिम, रिसोड, मानोऱ्याच्या पोरांना मोठी गंमत वाटते. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार राहिलं तरी पुष्कळ, तिथं अख्खं मैदान बर्फाचं! या खेळातला सर्वांत मानाचा चषक म्हणजे स्टॅनले चषक. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांनी तो १८९२ मध्ये जाहीर केला आणि १८९३ मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला. आज त्याच्या अंतिम फेरीत दोन संघ जास्तीत जास्त सात सामने खेळतात. जो चार जिंकेल त्याचा चषक. आधी हा चषक हौशी खेळाडूंचा होता, पुढे तो पगार घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंचा झाला.

आता गंमत पाहा. ज्या १८९२ साली इंग्रजी साम्राज्याच्या त्या टोकाला हा चषक जाहीर झाला, त्याच साली या टोकाला, मुंबईत, युरोपियन आणि पारशी संघांतला सामना सुरू झाला. पुढे तो दरवर्षीचा झाला. १९०७ मध्ये त्यात हिंदू संघ आला आणि मालिका तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला, ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये उरलेल्या सगळ्यांचा मिळून पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. त्या काळात हिंदुस्थानातली सर्वांत गाजलेली क्रिकेट मालिका हीच. हजारो माणसं सामने पाहायला लोटायची, वर्तमानपत्रं रकाने भरभरून लिहायची.

कॅनडातले संघ गावांचे आणि क्लबांचे होते. आपल्याकडचे संघ मात्र धर्मावर ठरलेले होते. आणि धर्म म्हटला की आपल्याकडे त्याच्या पोटात जात आलीच. पालवणकर बाळूंचं आयुष्य समजून घ्यायचं तर ही गोष्ट आधी लक्षात ठेवावी लागते.

जन्म आणि बालपण

बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातल्या पालवण गावचं, म्हणून आडनाव पालवणकर. समाज चर्मकार. त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. वडील लष्करात नोकरीला होते आणि त्या नोकरीमुळे कुटुंब पुण्यात आलं.

अस्पृश्य घरातल्या मुलाला त्या काळी गावच्या विहिरीवर जाता येत नव्हतं, देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. मग हातात बॅट-बॉल कुठून येणार? पण लष्करी छावणीत एक फट होती. इंग्रज अधिकारी क्रिकेट खेळायचे आणि जुनं झालेलं सामान टाकून द्यायचे. बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यांनी ते टाकलेलं सामान उचललं आणि त्यावर खेळ शिकले. प्रशिक्षक नाही, शिबिर नाही, गणवेश नाही. आपल्या शाळांतली पोरं लाकडाच्या फळीची बॅट करून आणि दगड रचून स्टंप करून खेळतात, तसंच हे.

तीन रुपये, चार रुपये

बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातल्या पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात. काम काय? खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. मधूनमधून क्लबातल्या सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायलाही मिळायचे.

१८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. तिथं पगार एक रुपयानं वाढला, चार रुपये झाला. काम मात्र वाढलं. खेळपट्टी लोळवायची, पांढऱ्या रेघा मारायच्या, सरावाच्या जाळ्या बांधायच्या, टेनिसची मैदानं आखायची. तिथल्या एका इंग्रज सभासदानं या पोराला चेंडू टाकायला प्रोत्साहन दिलं. बाळू डाव्या हातानं संथ फिरकी टाकायचे. पाहता पाहता जाळीत त्यांच्यासमोर उभं राहणं ही सभासदांची परीक्षाच होऊन बसली.

या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे नामवंत फलंदाज होते. ते इतरांच्या तासभर आधी मैदानावर यायचे आणि फक्त बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करायचे. बाळूंनी त्यांना बाद केलं की प्रत्येक वेळी ते आठ आणे द्यायचे, अशी गोष्ट सांगितली जाते. चार रुपये महिना मिळवणाऱ्या माणसाला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांची कमाई! मुलांना हे गणित फळ्यावर करून दाखवा. त्या एकेका चेंडूची किंमत त्यांना लगेच कळेल.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही सांगा. वर्षानुवर्षं बाळूंनी या क्लबात शेकडो तास गोलंदाजी केली, पण त्यांच्या हातात बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान, गोलंदाजी ही नोकराची मेहनत, असा तिथला रिवाज. म्हणजे जात पाळणारे फक्त आपलेच लोक होते असं नाही. साहेबाचीही एक उतरंड होती आणि त्या उतरंडीतही बाळू तळालाच होते.

चेंडू एकच, कप मात्र वेगळा

पुण्यातल्या हिंदू क्रिकेटपटूंना युरोपियनांना हरवायचं होतं. पुण्यातला सर्वांत चांगला गोलंदाज तर साहेबांच्या क्लबात रेघा मारत होता. त्याला संघात घ्यावं की नाही, यावर वाद झाला. काही सभासद घ्या म्हणत होते, काहींना विटाळाची भीती वाटत होती. असा गोलंदाज हातचा घालवणं हा मूर्खपणा ठरेल, अशा अर्थाचं मत खुद्द ग्रेग यांनी जाहीरपणे मांडलं. शेवटी बाळू संघात आले. जिंकण्याची गरज विटाळाच्या भीतीपेक्षा मोठी ठरली.

मग काय झालं? मैदानात सगळे तोच चेंडू हाताळत होते. बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक झेलत होता, क्षेत्ररक्षक उचलून परत देत होता. त्यात कोणाला विटाळ झाला नाही. पण चहाची सुट्टी झाली की बाकीचे खेळाडू आत बसायचे आणि बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जायचा. जेवणाचं ताट वेगळं, जागा वेगळी. तोंड धुवायला पाणी हवं असेल तर ते मैदानाच्या एका कोपऱ्यात, तेही त्यांच्याच समाजाच्या नोकराच्या हातून.

मित्रांनो, इथं वर्गात थोडं थांबा. आपल्या शाळांत दुपारी पोषण आहाराची पंगत बसते. सगळी लेकरं एका रांगेत बसून एकाच भांड्यातली खिचडी खातात. आपल्याला ते रोजचंच वाटतं. पण ही साधी वाटणारी रांग उभी राहायला किती पिढ्या गेल्या, हे मुलांना बाळूंच्या त्या मातीच्या भांड्यावरून समजावता येतं. आणि पालकहो, एखाद्या ठिकाणी आजही ही रांग मनातल्या मनात तुटत असेल, तर ती पुन्हा जोडण्याचं काम आपलं आहे.

बाळूंच्या जिवावर पुण्याच्या हिंदूंनी युरोपियन संघाला हरवलं. मग साताऱ्याच्या गोऱ्यांच्या संघाशी सामना झाला. बाळूंच्या फिरकीला धार राहू नये म्हणून तिथली खेळपट्टी आठवडाभर रोलर फिरवून टणक केली होती, असं सांगतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले. साताऱ्यात त्यांची हत्तीवरून मिरवणूक निघाली. पुण्यात जाहीर सत्कार झाला आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचं कौतुक केलं. ज्याच्याबरोबर तुम्ही खेळू शकता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, असा रानड्यांचा रोख होता. प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर द्यायला अनेकांना जड गेलं.

मुंबई आणि १९०६ चा विजय

१८९६ नंतर प्लेगनं पुण्याची दैना केली. बाळू मुंबईला आले. काही काळ लष्करात राहिले, मग रेल्वेत नोकरी केली आणि तिच्या संघातून खेळू लागले. मुंबईच्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही प्रवेशावरून कुरबूर झालीच, पण कर्णधार कीर्तिकर यांनी विरोध करणाऱ्यांची समजूत घातली. बाळू आत आले. इथं परिस्थिती पुण्यापेक्षा बरी होती. जिमखान्यात ते इतर खेळाडूंबरोबर जेवायला बसू लागले. शिवरामही संघात आले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा मोठा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांना १९१ आणि १०२ धावांवर रोखलं. बेरीज-वजाबाकी मुलांना करू द्या. विजय १०९ धावांचा! दुसऱ्या डावात साहेबांचा संघ कोसळला त्यात बाळूंच्या फिरकीचा मोठा वाटा होता. बंगालच्या फाळणीनंतरचा, स्वदेशीच्या चळवळीचा तो काळ. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं याचा आनंद देशभर झाला. आणि समाजसुधारकांना आणखी एका गोष्टीचा आनंद झाला. हा विजय सवर्ण आणि अस्पृश्य खेळाडूंनी एकत्र मिळवला होता. देश उभा करायचा तर काय करावं लागेल, याचा धडाच त्या मैदानावर मिळाला होता.

इंग्लंडचा दौरा

१९११ साली पहिल्यांदा अखिल भारतीय म्हणता येईल असा संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदर सिंग. संघात हिंदू, मुस्लिम, पारशी खेळाडू होते, आणि बाळू व शिवराम हे दोघे भाऊही होते.

संघाची कामगिरी तशी यथातथाच झाली. चौदा प्रथम श्रेणी सामन्यांपैकी दोनच जिंकले, दहा हरले. महाराजांचं लक्ष खेळापेक्षा राज्याभिषेकाच्या समारंभांकडे आणि मेजवान्यांकडे जास्त होतं. पण या पडत्या संघातून एक माणूस मात्र नाव कमावून परतला. पस्तिशीतल्या बाळूंनी दौऱ्यातल्या सगळ्या सामन्यांत मिळून ११४ गडी बाद केले. परकी हवा, परक्या खेळपट्ट्या, दुखरा खांदा, आणि तरीही ११४ गडी! इंग्लंडमधल्या जाणकारांनी त्यांची तुलना त्यांच्या मोठमोठ्या फिरकी गोलंदाजांशी केली. तिथल्या काही संघांनी त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणून राहण्याबद्दल विचारलंही.

इथं एक मुद्दा समजून घेऊ. त्या काळात पैसे घेऊन खेळणारा खेळाडू कमी दर्जाचा मानला जाई आणि हौस म्हणून खेळणारा श्रीमंत प्रतिष्ठित मानला जाई. इंग्लंडमध्ये तर दोघांचे मैदानात उतरण्याचे दरवाजेसुद्धा अनेक ठिकाणी वेगळे असत. बाळू आयुष्यभर खेळपट्टी राखून, चेंडू टाकून, नोकरी करून पोट भरत आले होते. घाम गाळून मिळवलेल्या पैशाला कमी लेखणारी ही रीत आज आपल्याला विचित्र वाटते. आज स्टॅनले चषक खेळणारे असोत की आपले आयपीएलवाले, पैसे घेणं यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मुलांशी बोलताना हेही सांगायला हवं, की कष्टाची लाज नसते, लाज असते ती कष्टाला हिणवण्याची.

परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजानं बाळूंचा मोठा सत्कार केला. त्या सत्कारात तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांचा सहभाग होता, असं इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवलं आहे. विचार करा, बाबासाहेब तेव्हा विशीचे होते. आपल्या समाजातला एक माणूस साहेबांच्या देशात जाऊन नाव कमावून येतो, हे पाहणाऱ्या त्या तरुण पिढीला काय वाटलं असेल!

जे मिळालं नाही ते

आता या चरित्रातला सर्वांत बोचणारा भाग. बाळूंच्या पाठोपाठ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघेही भाऊ हिंदू संघात आले. एकाच घरातले चार भाऊ, चौघेही पहिल्या दर्जाचे खेळाडू. हिंदू संघाचा पाठकणाच म्हणा ना. पण कर्णधार कोण? बाळू नाहीत.

१९१० पासून पुढे दहा वर्षं हा प्रश्न दरवर्षी उठत राहिला. अनुभवानं ज्येष्ठ, खेळात श्रेष्ठ, तरी कर्णधारपद दुसऱ्याला. १९१३ साली एम. डी. पै यांची कर्णधार म्हणून निवड झाली. त्यांनी मोठ्या मनानं जाहीर भाषणात सांगितलं, की हा मान खरं तर बाळूंना मिळायला हवा होता. पै हे सारस्वत ब्राह्मण होते. त्यांच्या बोलण्यातून दिसतं की अन्याय सगळ्यांना दिसत होता. दिसूनही तो चालू राहिला, हे जास्त वाईट.

१९२० साल आलं. भाऊ गणपत यांचं त्याच वर्षी निधन झालं होतं. बाळू ४४ वर्षांचे झाले होते. निवड समितीनं त्यांना संघातूनच वगळलं. वय झालं म्हणून वगळलं असं म्हणता येईल, आणि ते खोटंही नाही. पण कर्णधार पै आजारी असल्यानं नेतृत्व कोणाकडे जाणार होतं? विठ्ठल आणि शिवराम दोघेही अनुभवी होते, तरी त्यांना ओलांडून ते द. ब. देवधरांना दिलं गेलं. देवधर पुढे फार मोठे क्रिकेटपटू झाले, त्यांच्या गुणवत्तेबद्दल प्रश्नच नाही. प्रश्न होता तो न्यायाचा. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून संघातून माघार घेतली. खेळात जात मोजू नका, गुण मोजा, एवढीच त्यांची मागणी होती.

त्या दोघांनी शिवीगाळ केली नाही, तोडफोड केली नाही. खेळायला नकार दिला आणि कारण स्पष्ट लिहून दिलं. असहकाराची हाक देशभर घुमत होती तेच हे वर्ष. लोकमत भावांच्या बाजूनं उभं राहिलं. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याआधी तोडगा निघाला. पै कर्णधार म्हणून परतले, भाऊ संघात आले आणि बाळूंना उपकर्णधार केलं गेलं. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाची सूत्रं बाळूंच्या हाती आली. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर मिळालेला नेतृत्वाचा मान तो एवढाच. थोडा वेळ, तोही दुसऱ्याच्या जागी.

पण त्या नकाराचं फळ तीन वर्षांनी मिळालं. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली संघानं अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतलं. थोरल्या भावाला जे मिळालं नाही ते धाकट्यानं मिळवलं. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. या सगळ्या काळाची माहिती आपल्यापर्यंत पोचली त्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

बाळूंची प्रथम श्रेणी कारकीर्द आकड्यांत सांगायची तर ३३ सामने, १७९ गडी, सरासरी साधारण पंधरा धावांना एक गडी. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला विचारा, पंधराची सरासरी म्हणजे काय चीज आहे ते!

राजकारणातले बाळू

खेळ थांबल्यावर बाळू सार्वजनिक जीवनात आले. इथं त्यांचा मार्ग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मार्ग वेगळा झाला. बाबासाहेबांना बाळूंबद्दल अभिमान होता. पण अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत की नाहीत, यावर दोघांची मतं जुळली नाहीत. बाळू गांधीजींच्या बाजूला होते. सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत त्यांचा भाग होता आणि करारावर त्यांची सहीही आहे.

१९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसनं बाळूंना बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. बाळू २,०२० मतांनी हरले.

आपल्या जिल्ह्यात गावोगावी बाबासाहेबांना मानणारी माणसं आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला प्रश्न पडेल, मग बाळूंना थोर कसं म्हणायचं? मला वाटतं, हा प्रश्न मुलांपासून लपवू नये. उलट समोर ठेवावा. दोघांनीही अस्पृश्यतेचे चटके सोसले होते. दोघांनाही ती संपवायची होती. वाट कोणती यावर मतभेद होता. बाळूंना आपल्याच आयुष्यात अनुभव आला होता, की हट्ट धरून आत शिरलं तर दार हळूहळू उघडतं. बाबासाहेबांना दिसत होतं, की दार उघडणाऱ्याच्या मर्जीवर आपलं माणूसपण अवलंबून ठेवणंच चुकीचं आहे. आज मागे वळून पाहताना बाबासाहेबांचा मुद्दा किती खोल होता ते कळतं, आणि बाळूंच्या कर्णधारपदाची हकीकत हाच त्याचा एक पुरावा ठरतो. तरीही बाळूंनी मैदानावर जे कमावलं ते त्यामुळे कमी होत नाही. थोर माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहू शकतात, हे समजणंसुद्धा शिक्षणच आहे.

जुलै १९५५ मध्ये मुंबईत बाळूंचं निधन झालं. त्याआधीच देश स्वतंत्र झाला होता, संविधानाच्या कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट झाल्याचं जाहीर केलं होतं. ते संविधान घडवण्यात सिंहाचा वाटा होता बाबासाहेबांचा.

ती मालिका संपली, पुढे काय?

धर्मावर ठरणारी ती मालिकाही टिकली नाही. १९४० मध्ये गांधीजींनी असे जातीय सामने बंद व्हावेत असं मत दिलं आणि १९४६ पर्यंत ती इतिहासजमा झाली. तिची जागा घेतली १९३४ मध्ये सुरू झालेल्या रणजी करंडकानं. इथं संघ धर्माचे नाहीत, प्रांतांचे आहेत. आपल्या विदर्भाच्या संघानं २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षं हा करंडक जिंकला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा आणला. त्या संघात कोण कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे आपण विचारत नाही. विदर्भ जिंकला म्हणून वाशिमच्या चौकातही आनंद होतो. ही गोष्ट मुलांना सांगताना बाळूंची आठवण जरूर काढा.

वर्गात काय विचाराल?

पाठ संपल्यावर पुढचे प्रश्न चर्चेला घेता येतील. लहान वर्गांत तोंडी, मोठ्या वर्गांत लिहून घ्या.

१. मैदानात एकाच चेंडूला सगळ्यांनी हात लावला, पण चहाचं भांडं वेगळं ठेवलं. या वागण्यात विसंगती कुठे आहे?

२. कॅप्टन ग्रेग बाळूंच्या गोलंदाजीचं कौतुक करत होते, पण क्लबात त्यांना फलंदाजी मिळाली नाही. कौतुक आणि समान वागणूक यांत फरक काय?

३. विठ्ठल आणि शिवराम यांच्या जागी तुम्ही असता तर माघार घेतली असती का? का?

४. आपल्या शाळेच्या संघाचा कर्णधार कसा निवडला जातो? तो कसा निवडला जावा?

चौथा प्रश्न खरं तर आपल्यासाठी आहे, शिक्षक मित्रांनो. केंद्रस्तरावरच्या, तालुकास्तरावरच्या स्पर्धा आल्या की मैदानावर फक्की मारायला, खड्डे बुजवायला, पाण्याची घागर आणायला आपण ठरावीक मुलांनाच हाक मारतो का? आणि कर्णधार, ध्वज धरणारा, सत्काराला हार घालणारा म्हणून दुसऱ्याच ठरावीक मुलांची नावं पुढे येतात का? एकदा वहीत दोन याद्या करून पाहा. त्या दोन याद्यांत तीच ती नावं वेगवेगळी पडत असतील, तर यंदा अदलाबदल करा. रेघा मारणाऱ्या पोराच्या हातात नाणेफेकीचं नाणं द्या.

पालकहो, तुम्हालाही एवढंच सांगणं. तुमचा मुलगा, तुमची मुलगी खेळून घरी आली की किती धावा काढल्या हे विचाराच, पण आज कोणाला खेळायलाच घेतलं नाही, हेही विचारा. त्या उत्तरावर घरात दोन शब्द बोलणं झालं, तर बाळूंचा पाठ नीट पोचला असं समजू.